अकरा दिवस

चॅपलच्या वळणावर रस्ता खणला
आणि फायबर तुटली.
कुडतरीत आपोलिनाबाईंच्या दारावरची बेल
अकरा दिवस फक्त घरापुरती वाजली.

मी दिचोलीचा. कॅमेरे बसवतो.
गिऱ्हाइकाला एवढंच सांगतो:
नेट असेल तर दारातला माणूस
आधी आभाळात जातो, मग तुमच्या खिशात येतो.
नसेल तर कुठेच जात नाही,
नखाएवढ्या कार्डावर बसून राहतो.

बाराव्या दिवशी कार्ड काढून लॅपटॉपला लावलं,
नीट चालतंय का बघायला.
पदेराची सायकल,
पॉय पिशवीत टाकून पीठ झटकणारा हात.
मांजर. वीजबिलवाला. पुन्हा मांजर.
आणि रोज पावणेसातला
बाई आपल्याच दाराबाहेर येऊन
आपल्याच घराची बेल दाबतात,
केसांवरून हात फिरवतात, भिंगाला नाक लागेल इतक्या पुढे होतात:
"पुता ल्युसियो, जेवलो रे?"
स्विंडनला तेव्हा दुपार,
गोदामात त्याची जेवणाची सुट्टी.

एका दिवशी तर बांगड्याचं कालवण दाखवलंय,
वाटी तिरकी करून,
थोडं पायरीवर सांडलंय.

मी म्हटलं, बाई, नेट नव्हतं.
यातलं काही त्याला गेलं नाही.
"ठाऊक आहे," म्हणाल्या.
"बेल तर वाजत होती ना?"

कार्ड भरत आलं होतं.
भरलं की ते सगळ्यात जुनं पुसून नवं लिहितं.
हे मी बोललो नाही.
नवं कार्ड घातलं, बिलात धरलं नाही.

जुनं अजून माझ्या पाकिटात आहे.
ल्युसियोचा नंबर मागायचा राहिला.