काच पुसताना

एसीतून बाहेर पडलं की पहिली पाच मिनिटं
लेन्सवर नुसतं धुकं.
सूरमध्ये वादळ येऊन गेल्याचा तिसरा दिवस.
मी टीशर्टच्या टोकानं काच पुसतोय,
तेवढ्यात निसटला
गाडीच्या टपावर उभा असलेला बोकड.

वादी म्हणजे इथली कोरडी नदी,
जिच्यात आम्ही शुक्रवारी क्रिकेट खेळायचो.
तिनं पिच नेलं, स्टंप नेले,
आणि खल्फानच्या बागेतली खजुराची सतरा झाडं
मुळांसकट आणून किनाऱ्यावर निजवली.

खल्फान म्हणाला, काढ फोटो.
मग एका झाडापाशी बसला,
झावळीतली वाळू बोटानं उकरत राहिला.
तो मी काढला नाही.

बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये अजून घोटाभर पाणी,
त्यात तीन रोहित पक्षी,
पांढऱ्या पट्ट्यांच्या बरोबर आत,
महिन्याचं भाडं भरल्यासारखे.

हा मात्र घरी पाठवला.
चिपळूणहून वहिनीचं उत्तर:
पक्षी छान आलेत.
मागच्या भिंतीवर मातकट रेघ दिसते,
ती किती फुटांवर?

माझ्या लक्षातच नव्हती आली.
झूम केलं.
मीटरच्या पेटीच्या वर, एक वीत.