गोटी सोडा

वैद्यलिंगमच्या दुकानात मी बाटल्या धुवायचो,
कुंभकोणमला, मोठ्या तळ्याच्या काठी. नऊ वर्षांचा होतो.
मला कुणी सांगितलं नव्हतं
की अंगठ्यानं गोटी आत ढकलणारा हा माणूस
एकेकाळी पुलावरून चालत्या मालगाडीवर उडी मारत असे,
रोज रात्री, साडेनऊच्या खेळाला.

मालक बोलायचे नाहीत.
बोलायचे चिन्नदुरै, गल्ल्यावर बसून, दोघांच्या वतीनं:
“लिंबू की आलं? त्यांना नका विचारू, मला विचारा.”

पुढे कळलं, मालकांची जीभ लहानपणापासून अडायची.
‘क’वर, ‘प’वर,
स्वतःच्या नावातल्या ‘व’वर तर भिंतच.
शाळा सुटली, तालीम धरली.
मद्रासच्या काचेच्या छपराच्या स्टुडिओत
कुणीतरी दंड बघून विचारलं, पोहता येतं?
यांनी मान हलवली. करार झाला.

मूकपट.
तिथे सगळेच मुके, म्हणून कुणीच मुका नाही.
अकरा चित्रं केली.
गुंगी दिलेल्या वाघावर ओरडताना
म्हणे सतराचा पाढा म्हणायचे,
न अडखळता. सतराचा!

शब्द देणारा तंबूत असायचा, पडद्याच्या डाव्या अंगाला,
हातात वेताची छडी:
राजा काय म्हणाला, राणी का रडली.
गावोगावी सांगणारा वेगळा,
म्हणजे वैद्यलिंगमना आवाज तरी किती!
बेल्लारीत भसाडा, त्रिचीत एका पंतोजीचा व्याकरणशुद्ध,
रंगूनला तिकिटं फाडणाऱ्या लंगड्याचा.
मुंडासं गुंडाळून ते मागे मातीत बसत,
दीड आणा देऊन,
आपण काय बोललो ते ऐकायला.
एका रात्री तंजावरला चिन्नदुरैंचा आवाज ऐकला
आणि वाटलं, हा माझा.

मग पडदाच बोलू लागला.
परीक्षेला मायक्रोफोन टांगलेला, वटवाघळासारखा उलटा.
सहा शब्द म्हणायचे होते.
पहिल्यावरच ते इतका वेळ थांबले
की यंत्रावरच्या पोरानं उठून तार तपासली.
त्याच महिन्यात तंबूवाल्यानं
चिन्नदुरैंकडून छडी परत घेतली.
ती कंपनीची होती.

रिळं वजनावर गेली. चांदी काढून घेतली,
उरल्याच्या बांगड्या झाल्या असं ऐकतो.
कुणाच्या मनगटावर पूल, कुणाच्या गाडी.

चिन्नदुरै वारले त्या उन्हाळ्यात
कोमळवल्ली नावाची बाई नातवाला घेऊन आली.
सोडा राहिला बाजूला, मालकांकडे बघत बसली.
“तुम्ही ना ते?
उडी मारण्याआधी वळून तिला जे म्हणालात,
ते एकदा म्हणा. मी बारा वर्षांची होते.”

मालकांनी गल्ल्याकडे पाहिलं. सवयीनं.
खुर्चीवर हिशेबाची वही होती.

बाटली खाली ठेवली, ओठ जुळवले.
पहिलंच अक्षर ‘प’.
प. प.
मानेची शीर फुगली, अंगठा हवेतच
काहीतरी आत ढकलत राहिला.
नातू चुळबुळला, बाईनं त्याचं मनगट धरलं.
तळ्याच्या पायरीवर कुणी धुणं आपटत होतं.
माझ्या तीन बाटल्या विसळून झाल्या.

“पोय्ट्टु वरेन.”
जाऊन येतो. तिकडेही निघताना
नुसतं ‘जातो’ म्हणत नाहीत.

“हे नव्हतं,” बाई म्हणाली, “ते बरंच मोठं होतं.”
थोडं थांबली. “पण राहू दे, हेच राहू दे.”

सोड्याचे पैसे तिनं दिले की नाही, आठवत नाही.
मालकांनी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत
प्रत्येक गिऱ्हाइकाला स्वतः विचारलं,
लिंबू की आलं,
आणि रांग तळ्याच्या कोपऱ्यापर्यंत गेली.