निळा ठिपका

ओनेहुंगाच्या उतारावर, लिंबाशेजारी,
मेरेआना लोणी लावायच्या सुरीनं कुंपण खरवडते.
आपण जिला खंडोबाची घोडी म्हणतो
तिला तिच्या बोलीत नुसतं फे.

"ही आमची. पुढच्या पायाला आतून बघ,
निळा ठिपका, शाईचं बोट लागल्यासारखा.
मान डोक्याइतकी रुंद.
अंडी ओळीनं, शिवणीच्या टाक्यांसारखी.
दुसरी आफ्रिकेतून आलेली. मान बारीक, ठिपका नाही,
आणि अंड्यांचं घर म्हणजे
उतू जाऊन वाळलेलं दूध."

मला दोघी हिरव्याच.
"आमच्या नरालाही," ती म्हणते.
"वास आला की निघतो बापडा."
काल पायरीवर पंख तेवढे सापडले.

जून लागला. आमच्या-तुमच्यातल्या
त्यांच्या सगळ्या संपल्या.
कपड्यांच्या दोरीवर एकच उरलेली,
पोट जड, गारठ्यानं पाय उचलत नाही.
मेरेआना वाकून आतली बाजू बघते.
ठिपका नाही.

सुरी खिशात.
बोटावर घेऊन ती तिला
उन्हाकडच्या खांबावर ठेवते.

"खरवडीन की उद्या," म्हणते,
"आधी घालू दे तरी."