गुरांच्या दवाखान्यात मंगळवार

यवतमाळहून पावणेआठची एसटी,
पांढरकवड्याच्या अलीकडे फाट्यावर उतरायचं,
मग पाऊण किलोमीटर पायी
त्या दोन खोल्यांपर्यंत, जिथे आता गुरं येत नाहीत.

अंगणात लोखंडी खोडा अजून तसाच.
त्यावर पोट्ट्यांचे टॉवेल वाळतात.
आत, माझ्या खुर्चीमागे, भिंतीवर निळ्या ऑइलपेंटने
घटसर्प, फऱ्या, लाळ्या-खुरकूत
आणि खाली लक्षणे :
खाणे सोडते. कळपापासून दूर उभे राहते.
पहिल्या दिवशी हे वाचलं
आणि छापील प्रश्नावली पिशवीतच राहिली.

"मॅडम, म्हशीचं इंजेक्शन देता का आमाले?"
सगळे हसले. मीही.

कायमचा पत्ता, या रकान्यात
कोणी लिहितं टोलनाका,
कोणी जिनिंगमागचा वजनकाटा.
एकीने नुसता फोन नंबर दिला,
पुढे कंसात : चार्जिंग असली तं.

त्याला ओमदेव म्हणू. हे त्याचं नाव नाही.
वय एकोणीस. बाराव्या वर्षी ट्रकवर क्लीनर.
बूट घालून झोपतो, बसून,
पाठ भिंतीला, तोंड दाराकडे.
कॅबिनमध्ये काय झालं ते त्याने सांगितलेलं नाही.
मी विचारलेलं नाही.

घर, झाड, माणूस काढ, म्हणाले मी,
कोरा कागद पुढे सरकवून.
झाड मोहाचं काढलं, मुळांसकट.
माणूस झाडाखाली, पाठमोरा.
मग पेन्सिल थांबली.
"घर कोनाचं काढू?"

पुस्तकात याला उत्तर नव्हतं.
पुस्तकात होतं : चिमणीतून धूर निघतो का ते पाहा.
त्याला चिमणी ठाऊक होती ती रॉकेलची,
आजीच्या हाताने विझवलेली.
तो म्हणाला, "धूर तं निंगेच."
तेवढंच.

गुणवंतराव इथले जुने कंपाउंडर.
गुरं गेली, ते राहिले; आता रात्रीची खिचडी टाकतात.
भांडी घासता घासता म्हणाले,
"बिचकलेल्या गोऱ्ह्याच्या समोर उभं नाई रायचं, बाई.
बाजूनं रायचं. त्याले दिसलं पायजे आपन कोठी हावो ते."
मला राग आला. ही माणसं आहेत, म्हणाले.
"हाव तं," ते म्हणाले, आणि गंज पालथा घातला.

पुढच्या मंगळवारी खुर्ची मात्र फिरवली.
दोघेही दाराकडे तोंड करून बसलो,
मधे एक खुर्ची रिकामी.
नजरेला नजर द्यावी, हे मी सहा वर्षं शिकले होते.

हायवेचा आवाज येतो तिथवर.
तो न बघता सांगतो :
"भरेल. रिकामा. रिकामा. हा कापसाचा,
पन मागचं टायर बसेल हाय."
मी वहीत काय लिहू?
लिहिलं : आज सात ट्रक.
पुढच्या खेपेला अकरा.
नागपूरच्या ऑफिसला सुधारणा टक्क्यांत लागते.
तो रकाना मी तीन महिने कोरा धाडला,
चौथ्या महिन्यात फोन आला, तेव्हा चाळीस लिहिलं.
चाळीस कशाचे, मला विचारू नका.

दिवाळीच्या आधीच्या मंगळवारी
डाव्या बुटाची नाडी त्याने सैल केली.
काढला नाही. नुसती सैल.
मी घाईघाईने खोड्यावरचे टॉवेल मोजू लागले.

निघताना अंधारलं होतं.
तो फाट्यापर्यंत आला, चार पावलं मागे ठेवून.
"आज तुमची गाडी चुकली तं कोठी झोपसान?"

या प्रश्नाचं प्रशिक्षण मला नव्हतं.
कोणाला फोन करीन, कोण गाडी धाडेल,
अशी चार-पाच दारं मनात भराभर उघडली
आणि मला लाज वाटली.
"इथंच," म्हणाले, "आणखी कुठं."

तो विचार करत राहिला. एक ट्रक गेला, दुसरा गेला,
त्याने कोणताच ओळखला नाही.
"मंग भिंतीकडून झोपा तुमी," म्हणाला.
"दाराकडं मी रायतो."

वळणापलीकडे इंजिन घरघरलं.
"यस्टी," तो म्हणाला. "अर्धी खाली हाय."

बसायला जागा मिळाली.