कार्यक्रमपत्रिकेतली दुरुस्ती

मे संपत आला, तरी शाळेच्या जिममागे
मळक्या बर्फाचा एक ढीग अजून हटत नाही.
ऑफिसच्या खिडकीतून तो दिसतो. मी यादी टाइप करते.
एकोणतीस वर्षं हीच यादी, दरवर्षी थोडी लांब.
सुपिरिअर सरोवराकाठच्या या गावात
माणसं कमी होतात आणि शिष्यवृत्त्या वाढतात.

कोरी हायकिनेन स्मृती शिष्यवृत्ती, पाचशे डॉलर.
पहिली रक्कम त्याची स्नोमोबाइल विकून आली,
पुढच्या सगळ्या त्याच्या आईने विकलेल्या पॅस्टींतून,
रुताबागा घातलेल्या आणि न घातलेल्या,
कारण त्यावरून इथे घरं फुटतात.
गुणांची अट तिने ठेवू दिली नाही.
"अट असती तर कोरीलाच मिळाली नसती," म्हणाली,
आणि समितीतले सगळे आपापल्या कॉफीत बघत बसले.

डोरीन लाफाँ स्मृती शिष्यवृत्ती, तीनशे.
सात नंबरची स्कूलबस, चौतीस हिवाळे.
अर्जात एकच प्रश्न:
तुम्ही कधी कुणासाठी थांबला आहात का?
उत्तरं मी चोरून वाचते.
गेल्या वर्षी एकाने एवढंच लिहिलं होतं:
धाकटा भाऊ बूट घालेपर्यंत, रोज.

तांब्याच्या खाणीच्या युनियनचीही एक आहे.
खाण बंद, युनियन बंद, खातं तेवढं चालू.
व्याजात एक पुस्तक येतं, तेही वापरलेलं.

आणि वाइनो रिंटाला, न्हावी.
या यादीतला एकटा जिवंत माणूस.
दुकान विकलं त्या दिवशी चेक घेऊन आला,
टोपीवरचं बर्फ माझ्या टेबलावर झटकत म्हणाला,
"मेल्यावर घ्याल ते नाव मला ऐकू येणार नाही.
आत्ताच घ्या."
म्हणून आम्ही छापलं: यांच्या सन्मानार्थ.
दरवर्षी पहिल्या रांगेत, टोपी गुडघ्यावर.
नाव पुकारलं की मागे वळून बघायचा,
जणू त्याच नावाचं कुणी दारातून आत येतंय.
मग पाकीट देताना मुलाला मानेला धरून वळवायचा
आणि माइकमध्ये विचारायचा, "हे कुणी कापले?"

फेब्रुवारीत गेला.
जमीन गोठलेली, म्हणून पुरलं मात्र एप्रिलअखेरीस.

आज गेल्या वर्षीची फाइल उघडली.
एकच शब्द बदलायचा आहे.
सन्मानार्थ. स्मरणार्थ.
शेवटचा अर्थ तसाच राहतो,
पुढची अक्षरं तेवढी पुसायची.
मी स्टेपलरमध्ये पिना भरल्या.
कुंडीला पाणी घातलं; ती प्लास्टिकची आहे
हे मला ठाऊक आहे.

त्याचे चारशे डॉलर यंदा ब्रिआना साल्मेलाला.
तिच्या अर्जात लिहिलंय:
आईच्या केमोच्या वेळी मिस्टर रिंटाला घरी आले,
स्वयंपाकघरात खुर्ची मांडून तिचं डोकं भादरलं.
पैसे घेतले नाहीत. केस स्वतः झाडून गोळा केले,
आणि आमच्या कचऱ्यात न टाकता बरोबर घेऊन गेले.
रक्कम कशासाठी वापरणार, या रकान्यात:
हिवाळ्याचे टायर.
कॉलेज नव्वद मैलांवर आहे
आणि मला दर शनिवारी घरी यायचंय.

मी शब्द बदलला. एकशे वीस प्रती काढल्या.

संध्याकाळी जिमच्या दारात त्या वाटत उभी होते.
निळे झगे, चौकोनी टोप्या,
आणि टोप्यांखाली यंदा एकही मान सरळ रेषेत नाही.
नेहमी आदल्या दिवशी तो सगळ्यांचे फुकट कापायचा.
एक लांबुडका मुलगा पत्रिका घेऊन पुढे गेला,
तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं,
"हे कुणी कापले रे?"

तो थबकला. मानेवर हात ठेवला.
"मीच," म्हणाला. "आरशात बघून."