पण

डिसेंबर आला की शहरात अधिवेशन येतं,
रस्त्यांवर बांबूचे कठडे
आणि आमच्या विभागात फोन.
एरवी तो वाजतो
हजेरीपट अजून का पाठवला नाही, एवढंच विचारायला.

चॅनेलचा मुलगा, तुषार नंदनवार,
हेल्मेट काखेत. माझ्या स्वेटरला माइक लावताना
दोनदा सॉरी म्हणाला.
"मागं पुस्तकं दिसू द्या मॅडम, तज्ज्ञ वाटलं पाहिजे."
कपाटात पुस्तकं थोडी, गठ्ठेच फार:
अकरा वर्षांच्या प्रश्नावल्या,
कामठीहून हिंगण्याला कामावर जाणाऱ्या बायांच्या.
कोण कुठे बस बदलते,
कोण दोन थांबे आधी उतरून चालते,
चालून वाचलेल्या पाच रुपयांचं काय करते.
त्यानं गठ्ठे फ्रेमबाहेर सरकवले
आणि प्रमुखांच्या खोलीतून जाडे अहवाल आणून रचले,
वरचं प्लॅस्टिकही न काढलेले.

मी म्हणाले, भाडं वाढवावं लागेल, पण
आणि त्या पणनंतर चार मिनिटं बोलत राहिले.
पास कुणाला, फेऱ्या कुठे,
रात्रपाळी सुटते तेव्हा शेवटची बस
कशी नुकतीच गेलेली असते.
मध्ये कँटीनचा कुकर वाजला म्हणून
अर्धं पुन्हा सांगितलं.
तुषार मान हलवत होता.
माइक काढताना म्हणाला, माझी आईबी त्याच बसनं जायची.

रात्री नऊला मी दिसले.
सुकेशनी गजभिय.
एक वेलांटी, एक मात्रा गहाळ.
सात सेकंद.
'प' म्हणायला आधी ओठ मिटावे लागतात,
नेमकं तिथंच कापलं.
दिसलं असं, की बाईंचं बोलून झालं,
आणि बोलून समाधानही झालं.
मग चार चौकटींत चार माणसं
एकमेकांवर ओरडू लागली, माझं वाक्य धरून.

सकाळी इंदोऱ्याहून बस धरली.
कंडक्टर बाईनं तिकीट हातातच ठेवलं.
"तुमीच ना वं काल टीव्हीवर? वाढवा म्हनत होत्या."
मागून कुणीतरी, "त्यायले काय बाप्पा, पगार हाये."
मी वळून पाहिलं.
प्रश्नावली क्रमांक दोनशे चौदा
खिडकीबाहेर पाहू लागली.
गेल्या उन्हाळ्यात तिनं मला
स्वतःच्या डब्यातली अर्धी भाकर दिली होती,
नाव लिहू नका म्हणाली होती.

फोन वाजला, कडबी चौकात.
"मॅडम, आज संत्र्याच्या निर्यातीवर वीस सेकंद?"
तो माझा विषय नाही, म्हणाले.
"पण मॅडम—"
मी तोडलं नाही.
त्याचा पण कुठवर जातो, ऐकत राहिले.
वरचे लोक, टार्गेट, आईचा गुडघा,
कालचं मी नाही कापलं मॅडम, ते तिकडे मुंबईत कापतात.

कस्तुरचंद पार्कला
दोनशे चौदा उतरली.
दोन थांबे आधी.