एक दात

याउरच्या कालव्यावर सकाळी बर्फ धरलं होतं,
बाउक्ये चालतच आली,
जिवंत बदक आणावं तसं घड्याळ काखेत दाबून.
घोंगडी सोडली, हातमोजे काढायचे विसरली.

"तासातून एकदा अडखळतं," म्हणाली.
"हिद्देला नेमकं ठाऊक होतं कधी.
त्याच्या जरा आधी तो बोलणं थांबवायचा.
आता येल्टे म्हणतो, दुरुस्त करून घे."
तिचं स्वतःचं काय म्हणणं, ते सांगितलं नाही.
चहा अर्धा ठेवून गेली.

दोन बाजूंना शिशाच्या दोन मत्स्यकन्या,
डावीचं नाक झिजलेलं.
हिरव्याखाली निळा रंग, निळ्याखाली तांबडा:
शेपटीला प्रत्येक पिढीने आपला समुद्र फासलेला.
तबकडीवर जहाज.
शिडं एकीकडे फुगलेली, निशाण दुसरीकडे.
रंगाऱ्याने वारा पाहिला नसावा कधी,
किंवा एकदम दोन पाहिले असावेत.

आत पितळेचे चार खांब.
कोणी बघणार नाही अशा जागी
प्रत्येक खांबाला कातलेले तीन कंगोरे,
आणि तिसरा, उगाच, इतर दोहोंहून नाजूक.
कशासाठी? दोर ओढणाऱ्या बाईला ते दिसणार नव्हते.
वजनाला तर नाहीच.

मोठं चक्र तासात एक फेरा घेतं.
चौसष्ट दात. एकेक कानशीने तासलेला,
तासून तासून काढलेला तास.
नख फिरवत गेले मी,
एकेचाळिसाव्यावर नख थांबलं.

भिंग लावलं.
हा दात नंतरचा.
खाली रुंद, वर अरुंद खाच, तीत बसवलेला,
आणि सांध्यात केसाहून बारीक
चांदीचा डाग.
इतका सुबक, की माझे कान तापले.
फक्त केसभर जाड राहिलाय.
कानशीचे दोन हात पुरले असते.

तबकडी उलटी केली.
तिथे आम्ही सगळे लिहितो, टोकदार काहीतरी घेऊन.
च्येर्ड, १८२३, नवा दोर.
पुन्हा च्येर्ड, १८२९, नवा दोर, उंदीर.
एका कोपऱ्यात, दिव्याशी तिरकं धरल्यावरच दिसेल असं:
*सिप्के. १७९१. दात माझ्या हातून तुटला.
मालक झोपलेत.*

त्याखाली दुसरं अक्षर,
खोल, सरळ, घाई नसलेलं:
*ऐकू येतं मला.*

एवढंच.
म्हणजे त्याने घड्याळ उघडलं, चक्र पाहिलं,
कानस हाताशी होती,
आणि त्याने मागचं झाकण लावलं.
मालकाने दात धरला नाही.
की आयुष्यभर धरला, दर तासाला एकदा?
दोनशे वर्षांनी मी कोण ठरवणार.

मी कानस घेतली. ठेवली.
बाहेर पोरं कालव्यावर घसरत होती,
त्यांच्या आया आरडाओरडा करत होत्या.
पुन्हा घेतली.

आठ दिवस माझ्या भिंतीवर चाललं ते.
तिसऱ्या दिवशी लक्षात आलं,
फोनवर गिऱ्हाइकाशी बोलता बोलता
मी मध्येच गप्प झाले होते,
आणि मग ते अडखळलं.

तबकडीमागे लिहिलं: नवा दोर. दात पाहिला.
बिल येल्टेच्या नावाने केलं.
दोर, तेल, डावीचं नाक.
दाताचे पैसे लावले नाहीत.